ऐकण्याचं काम कुणाचं?

माणूस बोलत असतानाच त्याचा अ‍ॅक्सेंट बदलून देणारी सॉफ्टवेअरं २०२२ च्या सुमारास चर्चेत आली. कॉल सेंटरमधला माणूस नेहमीच्या ढबीत इंग्रजी बोलतो आणि फोनच्या पलीकडे ते ऐकणाऱ्याच्या ओळखीच्या उच्चारांत पोचतं. शब्द तेच, आवाजही बराचसा तोच, ढब तेवढी पुसलेली. त्यावरून पेटलेला वाद अजून एकाच जागी फिरतो आहे. एक बाजू म्हणते, ढब ही माणसाची ओळख आहे, ती पुसणं हा त्याचा अपमान आहे. दुसरी म्हणते, ओळख वगैरे सगळं ठीक, पण समोरच्याला कळायला नको का? दोन्ही बाजू तावातावाने भांडतात खऱ्या, पण अडचण बोलणाऱ्याच्या तोंडात आहे हे दोघींनाही मान्य असतं. एकीला ती जपायची असते, दुसरीला दुरुस्त करायची असते. या वादात ऐकणाऱ्याच्या मेंदूचं नाव कुणी काढत नाही, आणि माझा आक्षेप नेमका त्याला आहे. बोललेलं कळणं हे जितकं बोलणाऱ्याचं काम आहे तितकंच ऐकणाऱ्याच्या मेंदूचं आहे. तो मेंदू हे काम फार झपाट्याने शिकतो. ढब पुसणारं यंत्र त्याची शिकण्याची संधीच काढून घेतं. म्हणून अशी यंत्रं सरसकट लावणं मला चूक वाटतं.

बोलणं म्हणजे मण्यांसारखे एकापुढे एक ओवलेले ध्वनी आणि ऐकणं म्हणजे ते मणी मोजणं, असा आपला समज असतो. हा समज किती फसवा आहे ते १९५२ मध्येच दिसलं होतं. बेल लॅबोरेटरीज या अमेरिकन संशोधन संस्थेत गॉर्डन पीटरसन आणि हॅरल्ड बार्नी यांनी पुरुष, बायका आणि मुलं अशा ७६ जणांकडून इंग्रजीतले दहा स्वर वदवून घेतले आणि त्यांची मोजमापं आलेखावर मांडली. एकाचा एक स्वर दुसऱ्याच्या भलत्याच स्वराच्या जागेवर जाऊन बसत होता. म्हणजे नुसत्या ध्वनीकडे बघून तो कुठला स्वर हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. तरीही ऐकणाऱ्या माणसांना बहुतेक शब्द बरोबर कळले. कसे कळले? याचं एक उत्तर पाच वर्षांनी पीटर लॅडफोगेड आणि डोनल्ड ब्रॉडबेंट यांच्या एका सुंदर प्रयोगातून आलं. त्यांनी कृत्रिम आवाजात एक इंग्रजी शब्द तयार केला आणि त्याच्या आधी ‘हा शब्द कोणता ते सांगा’ अशा अर्थाचं एक वाक्य जोडलं. शब्दाला हात लावला नाही, फक्त आधीच्या वाक्यातला आवाज बदलला, जणू वेगळ्या ठेवणीच्या गळ्याचा माणूस बोलतो आहे. एका वाक्यानंतर तो शब्द लोकांना ‘बिट’ ऐकू आला, दुसऱ्या वाक्यानंतर तोच शब्द ‘बेट’. एका छोट्या वाक्याच्या अवधीत ऐकणाऱ्याच्या मेंदूने बोलणाऱ्याचं माप घेतलं होतं आणि पुढचा ध्वनी त्या मापाने वाचला होता. ऐकणाऱ्याला याचा पत्ताही नव्हता.

हे माप घेण्याचं काम जिथे चालतं, तो मेंदूचा पट्टा कानाच्या थोडा वर, कवटीच्या आतल्या बाजूला आहे. अपस्माराच्या शस्त्रक्रियेसाठी काही रुग्णांच्या मेंदूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रोड बसवावे लागतात. अशा रुग्णांच्या संमतीने एडवर्ड चँग, नीमा मेसगरानी आणि सहकाऱ्यांनी तिथल्या हालचाली नोंदवल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्या पट्ट्यात क, ख, ग अशी अक्षरांची रांग सापडली नाही. कुठल्या जागा हवा अडवून सोडलेल्या ध्वनींना प्रतिसाद देतात, कुठल्या घासून निघणाऱ्या ध्वनींना, कुठल्या स्वरांना. मेंदू आधी असे गुण टिपतो आणि त्यांवरून ध्वनी ओळखतो. त्यातही जे ऐकू आलं त्यात अपेक्षित असलेलं मिसळतो. रिचर्ड वॉरन यांनी १९७० मध्ये एका वाक्यातल्या शब्दाचा एक ध्वनी पूर्ण कापून त्या जागी खोकल्याचा आवाज घातला. जवळजवळ प्रत्येक श्रोत्याने सांगितलं, शब्द पुरा ऐकू आला, मध्ये कुणीतरी खोकलं एवढंच. जो ध्वनी टेपवर नव्हताच तो त्यांनी ऐकला. ज्याला आपण ‘स्पष्ट ऐकू आलं’ म्हणतो, त्यातला बराच भाग आपल्याच मेंदूने भरलेला असतो.

मग एखाद्याची ढब कळत नाही तेव्हा नक्की काय होतं? तोंडापुढे तळहात धरून ‘ताट’ म्हणा, मग ‘थाट’ म्हणा. दुसऱ्या वेळी श्वासाचा झोत तळहाताला लागेल. ओठ किंवा जीभ सुटल्यापासून गळ्यातल्या तंतूंचं कंपन सुरू होईपर्यंत किती वेळ जातो, यावर हा फरक बराचसा ठरतो, आणि तो वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजावा लागतो. १९६४ मध्ये ली लिस्कर आणि आर्थर अब्रॅमसन यांनी अकरा भाषांमध्ये हे मोजलं. त्यांत मराठी होती. मराठी माणूस त, थ, द, ध असे चार वेगळे ध्वनी करतो आणि ऐकतो, इंग्रजी माणूस अशा ठिकाणी दोनच. शब्दाच्या सुरुवातीचा इंग्रजी ‘प’ झोतासकट येतो, आपला झोताशिवाय. झोत नसलेला ‘प’ इंग्रजी कानाला ‘ब’कडे झुकलेला वाटतो, म्हणून मराठी माणसाची ‘पिन’ तिथे ‘बिन’ ऐकू येऊ शकते. आता यात चूक कुणाची? बोलणाऱ्याने ‘प’ नेटकाच उच्चारला होता. ऐकणाऱ्याच्या मेंदूतली सीमारेषा निराळ्या जागी आखलेली होती. उलटंही होतंच. आपण ‘चार’ आणि ‘चाक’ लिहितो एकाच च ने, पण उच्चारतो दोन तऱ्हांनी. बाहेरच्या माणसाने ‘चाक’ ‘चार’सारखं म्हटलं की आपला कान लगेच टवकारतो, आणि त्याला मात्र आपण दोन वेगळे ध्वनी काढतो आहोत हेच जाणवत नाही.

या सीमारेषा लवकर आखल्या जातात, हे मान्यच करायला हवं. जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी १९८४ मध्ये दाखवलं की सहा ते आठ महिन्यांची इंग्रजी घरातली बाळं हिंदीतल्या ट आणि त सारख्या ध्वनींमधला फरक ओळखतात, आणि दहा-बारा महिन्यांपर्यंत ती क्षमता बरीच मावळते. यंत्राचे समर्थक या प्रयोगाचा आधार घेऊन म्हणतात, बघा, मोठेपणी मेंदू बदलत नाही, मग उगाच दोघांनाही कशाला त्रास? वादातला हा सर्वांत वजनदार मुद्दा आहे. पण तो अर्धाच सांगितला जातो. त्याच काळात वर्कर यांच्याच कामातून हेही दिसलं की मोठ्या माणसांना दोन ध्वनी अगदी लागोपाठ ऐकवले तर तो ‘हरवलेला’ फरक त्यांना बराचसा पकडता येतो. म्हणजे कान बंद झालेला नसतो, मेंदूने त्या फरकाकडे लक्ष देणं सोडलेलं असतं. १९९१ मध्ये लोगन, लाइव्हली आणि पिसोनी यांनी जपानी भाषकांना इंग्रजीतले र आणि ल ऐकून वेगळे करायला शिकवलं, आणि ते काही आठवड्यांत सुधारले. पुढच्या अभ्यासांत असं दिसलं की फक्त ऐकण्याच्या सरावाने त्यांचे उच्चारही सुधारले, आणि हा फरक काही महिने टिकला. या प्रशिक्षणात एकाच शिक्षकाचा आवाज वापरला नव्हता, अनेकांचे आवाज वापरले होते. त्याचं महत्त्व पुढे कळेल.

दुसऱ्याच्या भाषेतला नवा ध्वनी शिकणं कठीण, हे खरं. पण आपल्याच भाषेतला ओळखीचा शब्द अनोळखी ढबीत ऐकून कळणं हे त्याहून कितीतरी सोपं आहे, आणि वादाचा विषय तर तोच आहे. डेनिस नॉरिस, जेम्स मॅक्वीन आणि अ‍ॅन कटलर यांनी २००३ मध्ये डच श्रोत्यांना एक विचित्र ध्वनी ऐकवला, धड फ नाही आणि धड स नाही असा. काहींना तो अशा शब्दांच्या शेवटी ऐकवला जिथे फ असेल तरच शब्द होतो, काहींना जिथे स असेल तरच. असे शब्द होते फक्त वीस, इतर अनेक शब्दांमध्ये मिसळलेले. ऐकलेला शब्द खरा आहे की बनावट एवढंच त्यांना सांगायचं होतं, ध्वनीकडे लक्ष द्या असं कुणी म्हटलं नव्हतं. तरी नंतर चाचणी घेतली तेव्हा पहिल्या गटाची सीमा सरकलेली होती. तो संदिग्ध ध्वनी आता त्यांना जास्त वेळा फ वाटत होता. मेंदूने अर्थाचा आधार घेऊन ध्वनीची व्याख्या मुकाट्याने बदलली होती. पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी परक्या ढबीतलं इंग्रजी ऐकणाऱ्यांचा वेग मोजला. सुरुवातीला ते मागे पडत, पण एका मिनिटाच्या आत, काही वेळा दोन-चार वाक्यांतच, हे मागे पडणं कमी होत गेलं.

एक मिनिट! दुसऱ्या बाजूला बोलणाऱ्याकडून आपण काय मागतो ते बघा. तिशीतल्या माणसाने जिभेची, ओठांची, श्वासाची जन्मभराची सवय मोडावी, वर्षानुवर्षं सराव करावा, आणि तरीही ढबीचा माग राहिलाच तर तो त्याचा कमीपणा. एकाला मिनिटाचं काम, दुसऱ्याला वर्षांचं, आणि बोजा टाकायचा तो वर्षंवाल्यावर, हा कुठला हिशोब?

विरोधी बाजूचे बाकीचे मुद्देही झटकून टाकण्यासारखे नाहीत. अनोळखी ढब समजायला जास्त कष्ट पडतात, हे मोजून दिसलेलं आहे. गोंगाटात, उतारवयात, कानाने कमी ऐकू येत असताना ते कष्ट आणखी वाढतात. पण मरे मन्रो आणि ट्रेसी डर्विंग यांनी १९९५ मध्ये एक फरक स्वच्छ मांडला, आणि तो या वादात कुणी लक्षात ठेवत नाही. त्यांनी श्रोत्यांना मँडरिन, म्हणजे चिनी, भाषकांचं इंग्रजी ऐकवलं, ऐकलं ते शब्दशः लिहून काढायला लावलं, आणि ढब किती जाड वाटते तेही विचारलं. ‘ढब फार जाड’ असा शेरा मिळालेली कितीतरी वाक्यं श्रोत्यांनी स्वतः बिनचूक लिहिली होती. तेव्हा ढब जाणवणं, समजायला कष्ट पडणं आणि न समजणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली आहे म्हणून तिसरी असणारच असं धरून चालणं, हीच आजच्या चर्चेतली सर्वांत महागडी चूक आहे. ढब पुसण्याचा बाजार तिच्यावरच उभा आहे.

मग एवढ्याशा कारणावरून चिडचिड का होते? कारण ऐकणारा पहिला शब्द यायच्या आधीच काही ठरवून बसलेला असतो. डोनल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये अमेरिकन विद्यार्थ्यांना एकाच बाईच्या आवाजातलं, तिच्या मातृभाषेतलं म्हणजे इंग्रजीतलं एकच व्याख्यान ऐकवलं. काहींपुढे गोऱ्या बाईचा फोटो ठेवला, काहींपुढे आशियाई चेहऱ्याचा. दुसऱ्या गटाला व्याख्यानातलं कमी उमगलं. टेप तर एकच होती! पण पुढे २०१५ मध्ये केव्हिन मॅकगोवन यांना असंही आढळलं की चिनी ढबीचा आवाज आणि चिनी चेहरा अशी जोडी जुळली की ऐकणाऱ्यांना उलट जास्त कळतं. काहींना हे निष्कर्ष परस्परविरोधी वाटतात, मला एकाच गोष्टीच्या दोन बाजू वाटतात. मेंदू अपेक्षेप्रमाणे स्वतःला लावून घेतो. अपेक्षा भलती असली तर सरळ बोलणंही निसटतं, आणि योग्य असली तर अवघड बोलणंही हाती लागतं.

ढबीवरून माणूस पारखण्याचा इतिहास रक्ताने माखलेला आहे. बायबलमधल्या ‘शास्ते’ या ग्रंथात जॉर्डन नदीच्या उतारावर पळणाऱ्यांना ‘शिब्बोलेथ’ म्हणायला लावल्याची कथा आहे. ज्याच्या तोंडून श ऐवजी स निघाला तो मारला गेला, असे बेचाळीस हजार. १९३७ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकात हुकूमशहा त्रुहियोच्या सैन्याने हैतीच्या हजारो लोकांची कत्तल केली. त्या वेळी कोथिंबिरीसारख्या एका पाल्याचं स्पॅनिश नाव उच्चारायला लावून माणसं ओळखली जात, असं सांगितलं जातं. कॉल सेंटरमधलं सॉफ्टवेअर आणि कत्तल यांना मी एका पारड्यात तोलत नाही, ते अन्यायाचं होईल. पण ‘ज्याचा ध्वनी वेगळा तो बाहेरचा’ ही जी मेंदूची झटपट छाननी आहे, तिला जाब विचारायचा की तिला खूश ठेवायची सोय करायची, हा प्रश्न दोन्हीकडे आहे. ब्रिटनमधला अनुभव जास्त जवळचा आहे. १९४१ मध्ये बीबीसीने यॉर्कशायरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवलं. तोवर बातम्या एकाच प्रतिष्ठित ढबीत येत. श्रोत्यांकडून तक्रारी आल्या, अशा उच्चारांत सांगितलेल्या बातम्यांवर भरवसा वाटत नाही, असंही काहींनी म्हटलं. आज तिथे नाना ढबींचे निवेदक आहेत. त्यांच्या जिभा एकसारख्या करून हे साधलं नाही. लोकांच्या कानांवर आवाज पडत गेले आणि कान रुळले.

इथे अनेक आवाजांचा तो मुद्दा येतो. अ‍ॅन ब्रॅडलो आणि टेसा बेंट यांनी २००८ मध्ये दाखवलं की चिनी ढबीचा एकच माणूस ऐकला तर तोच माणूस चांगला कळू लागतो, पण त्या ढबीची चार-पाच माणसं ऐकली तर त्याच ढबीचा अगदी नवा माणूसही कळतो. पाच वर्षांनी त्याच वर्तुळातल्या संशोधकांनी श्रोत्यांना निरनिराळ्या मातृभाषांच्या लोकांचं इंग्रजी ऐकवलं, आणि कधीही न ऐकलेली ढबसुद्धा त्यांना अधिक सहज समजू लागली. विविधता हेच इथे खाद्य आहे. ज्या यंत्रातून रोज हजारो आवाज एकाच साच्यात ओतले जाऊन कानांवर पडतात, ते यंत्र ऐकणाऱ्यांचे मेंदू हळूहळू अधिक अरुंद करत जाईल. मग यंत्राची गरज वाढेल, आणि ‘बघा, लोकांना ढब समजतच नाही’ असा पुरावाही तेच तयार करेल.

ऐकणारी यंत्रं बोलणं समजून घेण्यात चुकतात तेव्हा आपण काय म्हणतो, ते आठवा. २०२० मध्ये एका अमेरिकन अभ्यासात पाच मोठ्या कंपन्यांची बोलणं लिहून काढणारी यंत्रणा तपासली गेली. गोऱ्या लोकांच्या बोलण्यात साधारण १९ टक्के शब्द चुकत होते, कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात ३५ टक्के. त्यावर सगळे एकमुखाने म्हणाले, यंत्राला पुरेसे निरनिराळे आवाज ऐकवलेले नाहीत, त्याला शिकवा. कृष्णवर्णीयांनी बोलणं बदलावं असं कुठला शहाणा अभियंता म्हणाला नाही. यंत्राने न समजून घेतलं तर दोष यंत्राच्या शिकवणीचा, आणि माणसाने न समजून घेतलं तर दोष बोलणाऱ्याचा? माणसाचा मेंदू तर त्या यंत्राहून कितीतरी थोड्या नमुन्यांवर शिकतो.

‘जिथे जिवाशी गाठ आहे तिथे असले प्रयोग नकोत’ असं म्हणणाऱ्यांनी विमानवाहतुकीचे नियम बघावेत. आंतरराष्ट्रीय उड्डाणांचे वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रक यांच्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेने इंग्रजीच्या सहा पातळ्या ठरवल्या आहेत, आणि मार्च २००८ पासून किमान चौथी पातळी लागते. त्यातल्या सर्वांत वरच्या, सहाव्या पातळीच्या वर्णनातसुद्धा उच्चारांवर मातृभाषेचा किंवा प्रांताचा प्रभाव असू शकतो हे मान्य केलं आहे. अट एवढीच की त्यामुळे समजण्यात जवळजवळ कधीच अडथळा येऊ नये. शेकडो प्रवाशांचे प्राण ज्या संभाषणावर अवलंबून आहेत तिथे ढब चालते, आणि फोनचं बिल समजावून सांगताना चालत नाही?

राहतो तो सर्वांत हळवा मुद्दा, खुद्द काम करणाऱ्यांचा. रोज शिव्या खाणाऱ्या माणसाला हे सॉफ्टवेअर ढालीसारखं वाटू शकतं, आणि त्याला ‘तू तुझी ओळख जप’ असा उपदेश करण्याचा अधिकार बाहेरून बघणाऱ्या कुणालाही नाही. ज्याला ते स्वतःहून हवं आहे त्याला मिळावं. पण आज जी सोय आहे ती उद्या नोकरीची अट होते, हे आपण सगळेच जाणतो. शिवी देणाऱ्याला काही भोगावं लागत नाही, उलट ती द्यायला निमित्त उरू नये म्हणून समोरचा माणूसच बदलून दिला जातो. आणि ग्राहकाने कशाला शिकायचं, तो पैसे देतो आहे, असं विचारणाऱ्यांना माझं उत्तर सरळ आहे. त्याने वर्गात जाऊन काही शिकायचं नाही. नाव, खाते क्रमांक, तक्रार असं बोलणं सुरू होतं ना होतं तोच त्याचा मेंदू कामाला लागलेला असतो. शिवाय हा ग्राहक उद्या दवाखान्यात जाईल, त्याच्या मुलांना कुणी शिकवेल, त्याच्या शेजारी कुणी राहायला येईल. तिथे मध्ये सॉफ्टवेअर नसेल.

ज्याला कमी ऐकू येतं अशा माणसासाठी हेच तंत्र खरोखर उपयोगी पडू शकतं, चष्म्यासारखं त्याच्या स्वतःकडे असलेलं. कळ ऐकणाऱ्याच्या हातात असावी, बोलणाऱ्याला ते माहीत असावं, आणि कंपनीने परस्पर ती दाबलेली नसावी. बाकी ठिकाणी नोकरीसाठी ढब तपासणं थांबवून समजणं तपासावं. पद्धत मन्रो-डर्विंग यांनी दाखवलेलीच आहे. उमेदवाराचं बोलणं दहा अनोळखी लोकांना ऐकवा, जे ऐकलं ते लिहून काढायला सांगा आणि शब्द मोजा. ते दहा जण निवडताना मात्र ज्यांनी आयुष्यभर एकच ढब ऐकली आहे अशांनाच निवडू नका, आणि मोजणी सुरू करण्याआधी त्यांना त्या आवाजाचं एक मिनिट द्या.